शालन, तिसऱ्या ओळीबद्दल

शालन,

तुझ्या दहाव्याला मी माइकवर बोलले. लग्न न झालेल्या पोरीचा दहावा एवढा मोठा कशाला, असं भावकीतले दोघे-तिघे म्हणत होते. तुझ्या आप्पांनी ऐकलं नाही. भीमेच्या घाटावर मांडव घातला, प्रवचनाला महाराज आणले. प्रवचन संपल्यावर आपल्याकडे होतं तसंच झालं. सरपंच बोलले, सोसायटीचे चेअरमन बोलले, तुझ्या कॉलेजचे सर बोलले, आणि मग माझं नाव पुकारलं. माझ्या भाषणाला तू ‘टेप लागली’ म्हणायचीस. ती लागली. आरोग्य केंद्रातला फ्रीज बंद आहे. तिथं इन्शुलिन कधी आलेलंच नाही. डॉक्टर आले तर आले. पेशंटला दौंडला न्यायला गाडी नाही. हे सगळं खरं आहे आणि मी ते आवाज चढवून बोलले. माणसं माना हलवत होती. खाली उतरल्यावर एका गृहस्थांनी सांगितलं, ताई, हे पेपरला द्या.

पेपरला देण्यासारखं एकच वाक्य होतं, ते मी बोलले नाही. आपल्या पत्रकातली तिसरी ओळ वाचून तुझं इन्शुलिन थांबवलं गेलं, म्हणून तू गेलीस. ती ओळ मी लिहिली होती. तू ती तशी नको म्हणत होतीस. त्या मांडवात हे माझ्याशिवाय कोणालाही माहीत नव्हतं. आप्पांनाही नाही.

मेलेल्या माणसाला ऐकू येत नाही हे मला ठाऊक आहे. तुलाही ठाऊक होतं, आपण दोघींनी त्यावर पथनाट्य केलंय. तरी तुझ्याशीच बोलते, कारण या विषयावर माझ्याशी वाद घालणारं दुसरं कोणी उरलेलं नाही.

तू मला पहिल्यांदा खोडलंस ते तुमच्या शाळेत. तू आठवीत होतीस, मी कॉलेजात होते. आमच्या गटाचा आरोग्यावरचा कार्यक्रम होता आणि मी नुकतीच भाषणं करायला शिकले होते. मधुमेह हा बसून खाणाऱ्यांचा आजार आहे, असं मी ठणकावून सांगितलं. कष्टकऱ्यांना तो होत नाही, कष्टकऱ्यांना उपासमार होते. सरांनी टाळ्या वाजवल्या. तिसऱ्या रांगेतून तू उठलीस.

“ताई, मला हाय त्यो. आमचे आप्पा मेंढरांमागं चालत्यात. आमच्यात बसून कोण खातंय?”

वर्ग हसला. मी गडबडून काहीतरी अपवाद वगैरे म्हणाले. तू खाली बसलीस, पण तोंडातल्या तोंडात ‘म्हंजी मी यांच्या हिशेबातच न्हाई’ असं पुटपुटलीस आणि ते मला ऐकू आलं. कार्यक्रमानंतर मी तुला शोधत नळापाशी आले. माफी मागायला नव्हे, तुला समजावून सांगायला. हा फरक मला आज दिसतो. तू समजावून घेतलं नाहीस. म्हणालीस, घरी चला, दाखवते.

घरी तू जे दाखवलंस ते मी कुठल्या पुस्तकात वाचलेलं नव्हतं. माठाच्या पाण्यात बुडवलेला झाकणाचा डबा आणि त्यात इन्शुलिनची बाटली. स्पिरिटचा दिवा, काचेची नळी, निळं औषध. त्या औषधात लघवीचे आठ थेंब टाकून उकळायचं. निळंच राहिलं तर साखर नाही. हिरवं झालं तर थोडी, पिवळं झालं तर जास्त, आणि विटकरी झालं तर, तुझ्या भाषेत, भट्टी लागली. हे तू चहा कसा करतात ते सांगावं तसं सांगितलंस. तुझ्या शरीरात इन्शुलिन बनणंच थांबलं होतं. बाहेरून घेतलं नाही तर माणूस जगत नाही, हेही तसंच सांगितलंस. तुझं वय तेव्हा तेरा.

आणि आप्पांचा हात दाखवलास. पुण्याच्या मोठ्या दवाखान्यात तुला पहिल्यांदा ठेवलं, तेव्हा सुई टोचायला शिकवणाऱ्या सिस्टरनं आप्पांना संत्रं दिलं होतं, सरावासाठी. आप्पांनी संत्रं बाजूला ठेवलं, तुझ्या दंडाची कातडी चिमटीत धरली आणि टोचून मोकळे झाले. मेंढीला लस देताना पुढच्या पायामागची सैल कातडी अशीच धरायची असते. सिस्टर बघत राहिली म्हणे. हा किस्सा आप्पा सांगायचे तेव्हा तू दर वेळी म्हणायचीस, “व्हय, मी त्यांची एकशेएकावी मेंढी.” आप्पांना ते आवडायचं नाही आणि तू ते सोडायची नाहीस.

मी तेव्हापासून तुझ्या मागे लागले, असं तुझं म्हणणं. माझं म्हणणं, मी तुझ्या बाजूनं लढले. दोन्ही खरं असावं. शाळेत प्रार्थनेच्या वेळी साखर उतरून तू कोसळलीस आणि पोरांनी अंगात आलं म्हणून हळद-कुंकू आणलं, तेव्हा मी मुख्याध्यापकांना तीन पानी पत्र लिहिलं. वर्गात बिस्कीट खायची तुला लेखी परवानगी मिळवून दिली. मला वाटलं, विजय. तू चिडून शिरूरला आमच्या खोलीवर आलीस. सगळ्या वर्गाला कळलं होतं, आता पोरी मधल्या सुट्टीआधी तुझ्याकडं हात पसरून बिस्कीट मागत होत्या आणि मास्तर तुला ‘आमची साखरेची बाहुली’ म्हणत होते. तू म्हणालीस, मी आधी गुपचूप खात होते, ते बरं चाललं होतं.

मग दौंडच्या त्या औषध दुकानाचं प्रकरण. त्याचा फ्रीज अर्धा दिवस बंद असायचा, बाटल्या कोमट व्हायच्या. मी दुकानासमोर पत्रकं वाटायची तयारी केली. तू एकच प्रश्न विचारलास: दुकान बंद पाडलंत तर मी बाटली कुठून आणू? मी म्हटलं, तत्त्वाचा प्रश्न आहे. तू म्हणालीस, तत्त्व एसटीनं पुण्याला जाऊन येईल का? शेवटी तूच त्या दुकानदाराशी बोललीस. लाइट गेली की बाटल्या शेजारच्या कुल्फीवाल्याच्या बर्फाच्या पेटीत ठेवायच्या, असं ठरवून आलीस. माझी पत्रकं तशीच गठ्ठ्यात पडून राहिली. मला राग आला होता, शालन. तो तुझ्यावर होता.

मला तुला नायिका करून लिहायचं नाही. तुला तसं केलं की तू चिडायचीस. तुला कंटाळा यायचा. पंधराव्या-सोळाव्या वर्षी तू सुई चुकवायचीस आणि जत्रेत जिलेबी खायचीस. परीक्षेच्या काळात तर तू नळीत लघवीऐवजी नळाचं पाणी घालायचीस. पाण्यानं रंग बदलत नाही, निळं ते निळंच. हे तू मला आपण होऊन सांगितलंस. मी तुला झापलं, शास्त्र सांगितलं, डोळे जातील, किडन्या जातील, सगळी यादी वाचली. तू ऐकून घेतलंस आणि म्हणालीस, “एक दिवस तरी निळं बघू दे की आप्पाला.”

मी आप्पांना सांगितलं नाही. त्यात माझं बरोबर होतं की चूक, ते अजून ठरवता आलेलं नाही.

आता त्या ओळीकडे येते.

दौंडच्या मोहल्ल्यातल्या नसीमचं तुला आठवत असेल. अकरा वर्षांची पोर, तुझ्यासारखाच आजार. सकाळी इन्शुलिन घेतलं, आईचा स्वयंपाक व्हायला उशीर झाला म्हणून न खाताच शाळेला पळाली आणि रस्त्यात बेशुद्ध पडली. कोणीतरी तोंडात साखर घातली म्हणून वाचली. असं पुन्हा होऊ नये म्हणून पत्रक काढायचं, ही कल्पना तुझी. ‘इन्शुलिन घेणाऱ्यांसाठी आठ गोष्टी’ हे नाव माझं. तू कच्चं लिहून आणलंस, फुलस्केप कागदाची दोन पानं, पाठपोट. मी ते एका बाजूला बसवायला घेतलं.

तिसरी गोष्ट तू अशी लिहिली होतीस: जेवायला मिळणार नसेल तर त्या वेळेचं इन्शुलिन घेऊ नका, पण ताप आला, उलट्या होत असल्या, तर जेवण नसलं तरी बंद करू नका, पाणी पीत राहा आणि दवाखाना गाठा, कारण आजारपणात इन्शुलिन बंद केलं तर रक्तात विष तयार होतं.

मी त्याचं केलं: जेवण नाही तर इन्शुलिन नाही.

तू विचारलंस, उलट्यांचं कुठं गेलं? मी म्हटलं, दोन गोष्टी एका ओळीत घातल्या तर एकही लक्षात राहत नाही. तू म्हणालीस, मग दोन ओळी करा. मी म्हटलं, आठ गोष्टी ठरल्यात, नऊ नाहीत. तू म्हणालीस, आठवी काढा, आठवीत नुसतं ‘संघटित व्हा’ लिहिलंय. मी तुला पत्रकाचं शास्त्र शिकवलं. लोक पत्रक उभ्या-उभ्या वाचतात. ‘पण’ आला की माणूस पुढचं सोडून देतो. घोषणा म्हणून म्हणता आली पाहिजे. तू म्हणालीस, “ताई, हे घोषणा द्यायला न्हाई, सुई टोचायला हाय.”

मी हसले. छापखान्यात मजकूर त्याच दिवशी द्यायचा होता, हे कारण होतं. खरं कारण ते नव्हतं. चार वर्षं तू मला खोडत होतीस, आणि या एका कामात मला तुझ्यापेक्षा जास्त कळतं, असं मला वाटत होतं. तू पुढं वाद घातला नाहीस. ‘पुढच्या वक्ताला घालू’ एवढंच म्हणालीस. खाली मी तुझं नाव छापलं, माझ्या नावाच्या आधी.

आप्पांनी तो गुलाबी कागद कणकेची खळ करून माठाच्या वरच्या भिंतीवर चिकटवला. तुझं नाव त्यांना वाचता येत होतं. आल्यागेल्याला ते बोट ठेवून दाखवायचे.

संक्रांतीच्या आधीच्या आठवड्यात तुला ताप आला. उलट्या सुरू झाल्या. गावातल्या डॉक्टरांनी तापाच्या गोळ्या दिल्या. तू काही खाल्लं नाहीस, म्हणून त्या संध्याकाळी सुई झाली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी तुझा श्वास मोठा आणि भरभर चालायला लागला, तोंडाला फार पिकलेल्या पेरूसारखा वास येत होता, असं तुझ्या आईनं सांगितलं. जीप केली. दौंडचं रेल्वे फाटक लागलं होतं. ते उघडायच्या आधी तू गेलीस.

मी तेव्हा सणसवाडीत कंपनीच्या गेटवर ठेकेदारी कामगारांची पत्रकं वाटत होते. निरोप एसटीडी बूथवर आला. मी पोचले तेव्हा सगळं झालं होतं. काय झालं ते ऐकलं आणि मला तिथल्या तिथं कळलं. ज्याला हा आजार माहीत आहे त्या कोणालाही कळलं असतं. आप्पांना कळलं नव्हतं. त्यांनी मला भिंतीपाशी नेलं, त्या कागदावर हात ठेवला आणि म्हणाले, “कागदापरमाणंच केलं, ताई. जेवलीच न्हाई ना ती. एक बी सुई चुकीची टोचली न्हाई.”

ते मला विचारत होते, की स्वतःलाच सांगत होते, माहीत नाही. मी ‘हो’ म्हटलं.

त्या ‘हो’वर मी दहाव्याचं भाषण उभं केलं, आणि पुढं दोन आठवडे तो ‘हो’ बरोबर आहे असं स्वतःला पटवत राहिले. मुलगी गेली, आपण नेमानं वागलो, एवढाच आधार त्या माणसाजवळ आहे. तो काढून घेऊन मी काय देणार? माझ्या मनाला बरं वाटावं म्हणून सांगायचं का? हे सगळे प्रश्न चांगले आहेत. फक्त तो कागद आणखी किती भिंतींवर आहे, हा प्रश्न त्यात नव्हता. किती वाटले त्याची नोंद आम्ही ठेवलेली नाही. दुसऱ्यांच्या नोंदी नीट नाहीत म्हणून आरोग्य केंद्रावर मोर्चा नेणारी आम्ही माणसं.

गटाच्या बैठकीत मी विषय काढला. एकानं सुचवलं, नवीन छापू, जुनं आपोआप मागं पडेल, जाहीर कशाला करायचं, लोक आपल्या बाकीच्या कामावरही विश्वास ठेवणार नाहीत. हेच वाक्य एका डॉक्टरच्या तोंडी आलं होतं, तेव्हा आम्ही त्याच्या दवाखान्यासमोर दिवसभर बसलो होतो. मी ते बैठकीत बोलून दाखवलं. मग जुने कागद परत घ्यायचं ठरलं.

शिरूर आणि दौंडमधली औषधाची दुकानं, दवाखाने, शाळा, जिथं जिथं दिल्याचं आठवलं तिथं जाऊन मी ते कागद परत मागितले. एका दुकानात त्यात बाटल्या गुंडाळून देत होते. म्हणजे ते बरोबर त्याच घरांत गेले, जिथं जायला नको होते. ज्यांचे पत्ते मिळाले त्या घरी गेले. नसीमच्या आईनं ती ओळ पोरीकडून पाढ्यासारखी पाठ करून घेतली होती. त्या म्हणाल्या, याच ओळीनं माझी पोरगी सांभाळली, आता तुम्ही म्हणता खोटी? मी सांगितलं, खोटी नाही, अर्धी आहे. उरलेली अर्धी तुझ्या शब्दांत सांगितली, सगळी, पाणी पीत राहण्यासकट. ऐकायला अर्धं मिनिट लागलं. त्यांच्या लक्षात राहिली. नसीमनं लगेच म्हणून दाखवली, ‘पण’सकट.

पत्रकाचं शास्त्र इतकंच होतं, शालन.

तुमच्या घरी मी सगळ्यात शेवटी गेले. धीर होत नव्हता म्हणून. दुसरं कुठलं कारण मी देणार नाही. पण नवीन कागद छापून दुकानातून आप्पांच्या हातात पडायच्या आधी जाणं भाग होतं. दुपारची वेळ होती. आप्पा वाड्यापाशी विकून उरलेल्या चार-पाच मेंढरांना बाभळीचा पाला टाकत होते. तुझी आई ओट्यावर शेंगा फोडत होती. मी उभ्या-उभ्याच सांगितलं. ओळ चुकीची होती. ताप-उलट्यांत सुई बंद करायची नसते. शालननं ते लिहून दिलं होतं. मी कापलं. त्या दिवशी मी तुम्हाला ‘हो’ म्हणाले ते खोटं होतं. तुमची चूक नाही, माझी आहे.

आईनं शेंगांचं सूप उचललं आणि आत गेली. आप्पा पाला टाकायचे थांबले.

“म्हंजी टोचाय पायजे व्हती.”

मी हो म्हटलं.

हातातला पाला त्यांनी खाली ठेवला. मला वाटलं आता शिव्या देतील. मी त्याच्या तयारीनं उभी होते, शिव्या खायची मला सवय आहे. ते खाली बसले आणि हळू बोलले.

“तिनं मागितली व्हती. दुसऱ्या दिशी सकाळच्याला. आप्पा, टोचा म्हणली. मी म्हणलो, तुझ्याच कागदात न्हाई म्हणलंय, आन् तूच टोचा म्हणतीस व्हय? ती म्हणली, त्यो कागद ताईचा हाय.” मग म्हणाले, “मी म्हणलो, ताई शिकल्याली हाय.”

हे मला माहीत नव्हतं, शालन. तू तापात, उठवत नसताना, माझ्याशी तो वाद पुन्हा घातलास. मी तिथं नव्हते, माझा कागद होता, आणि पुन्हा तोच जिंकला.

मी माफी मागितली नाही. काय मागायचं तेच कळेना. आप्पांनीही ‘जाऊ द्या’ म्हटलं नाही आणि मी त्याबद्दल त्यांची ऋणी आहे. त्यांनी कपाळाला हात लावला नाही, मला दोष दिला नाही, देवाचं नाव घेतलं नाही. आतून आईचा आवाज येत होता. रडण्याचा नव्हे. ती भांडी जागच्या जागी लावत होती, एकेक, जोरानं. आप्पा उठून आत गेले, भिंतीवरचा कागद ओला करून सोडवायला लागले. खळ पक्की होती. तुझ्या नावाचा भाग तेवढा निघेना. तो त्यांनी तसाच ठेवला.

मग बाहेर येऊन विचारलं, नवा कवा छापताय? मी सांगितलं, मजकूर उद्या द्यायचाय.

“मंग ह्ये बी लिवा,” ते म्हणाले. “ज्याला दुखणं हाय त्यानं सोताहून सुई मागितली, तर दुसऱ्यानं त्याला कागद दाखवायचा न्हाई.”

मी वही काढून लिहून घेतलं. ते म्हणाले, वाचून दाखवा. मी वाचलं. ते म्हणाले, पुन्हा वाचा, मोठ्यानं, तिच्या आईला ऐकू जाऊ दे.

मी पुन्हा वाचलं.